लिनक्स 5.10 कर्नलवर मेनलाइनचा पॅच बॅकपोर्ट करतोय, कंपाइल झालाय पण भरवसा वाटत नाहीये

महापे_बोर्डवाला

नमस्कार मंडळी. आधीच सांगतो, मी मूळचा कर्नलवाला नाही, बोर्डवाला आहे. स्किमॅटिक, सोल्डरिंग, बूटलोडर, डिव्हाइस ट्री इथपर्यंत हात चालतो, त्याच्या पुढे गेलं की मी आपला गुगल करत बसतो.

महाप्याला छोटी कंपनी आहे आमची, कारखान्यातल्या मीटरचं रीडिंग घेऊन वर पाठवणारा गेटवे बनवतो. 32 बिट आर्मचं बोर्ड, चिपवाल्यांनी दिलेला कर्नल 5.10.100 आणि त्यावर त्यांचे स्वतःचे हजारावर पॅच. आयटूसीवर (बोर्डवरच्या चिपा जोडणारी दोन तारांची बस) एक एक्सपान्शन चिप लटकवलीये, ती अधूनमधून हँग होते (हार्डवेअरचा दोष आहे, माझाच आहे, त्यावर आता नको) म्हणून आमची एक स्क्रिप्ट ड्रायव्हर अनबाइंड करून (चिपपासून सोडवून) परत बाइंड करते. तळोज्याच्या एका गिऱ्हाइकाकडे दोन-तीन आठवड्यांतून एकदा बॉक्स मरायचा. शेवटी सिरियल केबल लावून लॅपटॉप तिथेच ठेवून आलो तेव्हा पॅनिक (कर्नल कोसळतो तो) पकडला, स्टॅकमध्ये कॉल_टायमर_एफएन आणि त्याच्या पुढे कचरा पत्ता. वेळ बघितली तर अनबाइंड झाल्यावर सेकंदाच्या आत.

मेनलाइनमध्ये (कर्नलच्या मुख्य, ताज्या कोडमध्ये) शोधलं तर बरोबर हाच बग कुणीतरी दुरुस्त केलाय. ड्रायव्हर निघून जातो, त्याची मेमरी सुटते, पण टायमर मागे चालूच राहतो. पॅच जेमतेम 30 ओळींचा आहे, तो फक्त माझ्या जुन्या कर्नलवर आणायचा, म्हणजेच बॅकपोर्ट करायचा. मी आनंदाने गिट चेरी-पिक (तेवढाच बदल उचलून आपल्या कोडवर लावायची कमांड) मारलं आणि तीन ठिकाणी कॉन्फ्लिक्ट. नव्या कोडमध्ये टायमर_शटडाउन_सिंक आहे, माझ्याकडे ते फंक्शनच नाही. स्कोप्ड_गार्ड नावाचं काहीतरी आहे, तेही नाही. आणि रिमूव्ह फंक्शन (अनबाइंड करताना चालतं ते) तिकडे व्हॉइड आहे, माझ्याकडे इंट.

साहेब म्हणाले एकच तर पॅच आहे, दुपारपर्यंत होईल ना. ही गोष्ट सोमवारची, आज गुरुवार आहे. कसंबसं कंपाइल केलंय, बूट पण होतंय, पण हे बरोबर आहे हे कशावरून म्हणायचं? तुम्ही लोक असं काम करता तेव्हा नक्की काय बघता?

---

घोडबंदर_जॅम

पहिला प्रश्न, 5.10.100 वर का बसलाय अजून? ती 2022 च्या सुरुवातीची रिलीज आहे. 5.10 ची स्टेबल लाइन (जुन्या आवृत्तीला फक्त फिक्स देत राहणारी) त्यानंतर शंभरावर रिलीज पुढे गेली, डिसेंबर 2026 पर्यंत ती चालवायचं ठरलंय. तुम्ही एक पॅच उचलताय आणि मधले हजारो फिक्स सोडून देताय. एकेक वेचत बसण्यापेक्षा अख्खी स्टेबल लाइन मर्ज करा, कॉन्फ्लिक्ट येतील, एकदाच येतील, आठवडाभर रडाल, मग दर महिन्याला अर्ध्या दिवसाचं काम.

आमच्याकडे (वागळे इस्टेट, नाव नको) आधी असंच चालायचं. गिऱ्हाइक स्कॅनर मारून एक्सेल पाठवायचं, त्यात सीव्हीईची (नंबर देऊन नोंदलेल्या सुरक्षेच्या त्रुटींची) शेकड्यांनी यादी, आणि मॅनेजर म्हणायचा हे सगळे बॅकपोर्ट करा. फेब्रुवारी 2024 पासून कर्नलवाले स्वतःच सीव्हीई नंबर देतात, त्यामुळे स्टेबलमध्ये गेलेल्या बऱ्याचशा फिक्सला आता नंबर मिळतो. यादी बघून घाबरू नका पण गिऱ्हाइकाला ते कोण सांगणार! आमच्या यादीतले निम्मे तर अशा ड्रायव्हरचे होते जे आमच्या कॉन्फिगमध्ये कंपाइलच होत नाहीत. एका शहाण्याने तर ग्राफिक्स कार्डाचा पॅच बॅकपोर्ट केला होता, आमच्या बोर्डला स्क्रीन नाही.

---

महापे_बोर्डवाला

अख्खं मर्ज करायचं म्हटलं तर चिपवाले म्हणतात आमच्या टॅगवर नसाल तर सपोर्ट नाही. आता त्यांचा सपोर्ट म्हणजे तिकीट टाकायचं आणि तीन आठवड्यांनी "कृपया लॉग पाठवा" असं उत्तर यायचं, पण साहेबांना तो कागदावर हवा असतो. मर्जचं मनावर घेतो, पण या महिन्यात नाही होणार, तळोज्याचा माणूस रोज फोन करतोय.

---

जुना_सीवाला

मर्जचा मुद्दा घोडबंदरने मांडलाय तो बरोबरच आहे पण तुमचा प्रश्न वेगळा आहे आणि तो चांगला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. वीसेक वर्षं हेच करतोय, त्यामुळे लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

पॅच अप्लाय झाला, कंपाइल झाला, बूट झाला या तिन्हींमधून पॅच बरोबर आहे हे कळत नाही. कॉन्फ्लिक्ट आला ते उलट तुमचं नशीब, गिटने तरी सांगितलं की इथे बघा. मला भीती वाटते ती गपगुमान अप्लाय होणाऱ्या पॅचची. डिसेंबर 2023 चं ईएक्सटी4 (लिनक्सची फाइल सिस्टम) प्रकरण आठवत असेल. डायरेक्ट आयओसंबंधी एक फिक्स 6.1.64 मध्ये बॅकपोर्ट झाला, मुकाट बसला, एकही कॉन्फ्लिक्ट नाही. पण तो फिक्स लिहिणाऱ्याने धरून चाललेला एक बदल आयओमॅपच्या कोडमध्ये 6.5 ला झाला होता आणि तो 6.1 मध्ये नव्हता. परिणाम काय, तर राइट झाल्यावर फाइलमधली पोझिशन पुढे सरकायचीच नाही आणि पुढचं राइट आधीच्यावर जाऊन बसायचं. डेटा करप्ट. डेबियन 12.3 च्या इमेज त्यांना ऐन वेळी थांबवाव्या लागल्या आणि सरळ 12.4 काढलं. यात कुणी आळशी नव्हतं हो, दोन वेगळ्या फाइलींमधले दोन पॅच, एक आला, दुसरा राहिला.

तर मी काय करतो ते सांगतो. सगळ्यात आधी मेनलाइनचा पॅच नुसता डिफ म्हणून न वाचता तो पॅच लावल्यावरचं अख्खं फंक्शन वाचतो, आणि जुन्या ट्रीमधलं तेच फंक्शन शेजारच्या खिडकीत. डिफमध्ये दिसत नाही ते महत्त्वाचं असतं, म्हणजे वरून हाक मारणाऱ्याने लॉक धरलंय का, मेमरी कोण सोडतं, एरर आली तर गोटूच्या शिडीवरून कुठल्या पायरीवर उतरतो. ही लेबलांची शिडी फार फसवी. नव्या कोडमध्ये कुणीतरी मध्ये एक पायरी घातलेली असते, जुन्यात ती नसते, आणि तुमची ओळ बरोबर जागी पण चुकीच्या क्रमाने बसते.

मग त्या ड्रायव्हरचा इतिहास, दोन टॅगमधला गिट लॉग त्या एका फाइलपुरता. यात दोन गोष्टी शोधायच्या. आधी, हा पॅच कशाच्या जिवावर उभा आहे. आणि मग, या पॅचलाच नंतर कुणी फिक्स केलंय का, त्यासाठी कमिट मेसेजांमध्ये "फिक्सेस" आणि पुढे या कमिटचा 12 अक्षरी हॅश असं ग्रेप करा. हे दुसरं लोक हमखास विसरतात. मीही विसरलोय एकदा, पनवेलला लग्नात होतो आणि मांडवात लॅपटॉप उघडून रिव्हर्ट केलं होतं.

कॉन्फ्लिक्ट सोडवताना गिटमध्ये कॉन्फ्लिक्ट स्टाइल डिफ3 करून ठेवा. आपलं आणि त्यांचं या दोन्हींच्या मध्ये मुळात काय होतं तेही दिसतं, निम्मं डोकं तिथेच शांत होतं. आणि काम झालं की गिट रेंज-डिफने मूळ कमिट आणि तुमचं कमिट समोरासमोर ठेवा. जो फरक दिसेल त्यातल्या प्रत्येक ओळीला तुमच्याकडे कारण पाहिजे. "तसं केल्याशिवाय कंपाइल होत नव्हतं" हे कारण नाही.

आता तुमच्या तीन कॉन्फ्लिक्टबद्दल. टायमर_शटडाउन_सिंक 6.2 ला आलं, गार्डवाली मंडळी 6.5 ला, आयटूसी ड्रायव्हरचं रिमूव्ह व्हॉइड झालं 6.1 ला. म्हणजे तिन्ही तुमच्या मागे आहेत हे अपेक्षितच आहे. यातलं तिसरं किरकोळ, रिटर्न शून्य घातलं की झालं. पहिल्या दोघांच्या जागी तुम्ही काय लिहिलंत ते इथे टाका, खरी मेख तिथे आहे.

आणि एक राहिलं. मूळ पॅचमध्ये सीसी स्टेबल (हा स्टेबलमध्येही घ्या अशी खूण) होतं का? असेल तर लोअरच्या (कर्नलच्या मेलिंग लिस्टच्या) अर्काइव्हमध्ये पॅचचं शीर्षक आणि "फेल्ड" असं शोधा. स्टेबलमध्ये पॅच बसला नाही की ग्रेगकडून (स्टेबल सांभाळणारे ग्रेग क्रोआ-हार्टमन) मूळ लेखकाला तसा मेल जातो. कदाचित तुमचं निम्मं काम कुणीतरी करून ठेवलं असेल.

---

महापे_बोर्डवाला

काका, मेल सापडला! एक नाही तीन, 6.1 ला बसला नाही, 5.15 ला नाही, 5.10 ला नाही. 6.6 आणि 6.12 मध्ये मात्र गेलाय. पुढे लेखकाने काही केलेलं दिसत नाही. आणि मेलमध्ये खाली कमांडपण तयार दिल्यात, कुठली ब्रांच घ्यायची, चेरी-पिक कसं मारायचं, पाठवताना कुठल्या मेलला रिप्लाय करायचं, सगळं. इतके दिवस मी उगाच डोकं फोडत होतो.

मी केलेलं असं आहे. कोड आख्खा टाकत नाही, रिमूव्हचं सांगतो.

मेनलाइनच्या रिमूव्हमध्ये आधी टायमर_शटडाउन_सिंक, मग कॅन्सल_वर्क_सिंक, मग स्कोप्ड_गार्डच्या महिरपीत एकच काम, चिपची पॉवर बंद करणं.

माझ्या रिमूव्हमध्ये सुरुवातीला म्यूटेक्स (एका वेळी एकालाच मिळणारं कुलूप) लॉक, मग डेल_टायमर_सिंक, मग कॅन्सल_वर्क_सिंक, मग पॉवर बंद, मग म्यूटेक्स अनलॉक, रिटर्न शून्य.

टायमर_शटडाउन_सिंकच्या जागी डेल_टायमर_सिंक घाल असं ऑफिसच्या एआयने सांगितलं. नाव सारखंच वाटलं, घातलं. गार्डचा अर्थ वाचला, फंक्शन संपेपर्यंत लॉक धरतो आणि बाहेर पडताना आपोआप सोडतो, म्हणून सुरुवातीला घेतलं आणि शेवटी सोडलं.

बाइंड-अनबाइंड 50 वेळा केलं हाताने, काही झालं नाही.

---

डोंबिवली_फास्ट_नाही

एआयने सांगितलंय ना मग पाठवून द्या, पुढच्या पॅनिकला त्यालाच तळोज्याला पाठवा

---

रबाळे_रिव्ह्यूवाली

वरच्या कमेंटला हसले पण बोर्डवाले दादांनी निदान काय केलं ते प्रामाणिकपणे लिहिलंय, आमच्याकडे लोक तेवढंही सांगत नाहीत. मी दुसऱ्या सबसिस्टमचे पॅच बघते, पण हा प्रकार सगळीकडे सारखाच असतो म्हणून लिहिते.

दादा, तुमच्या बॅकपोर्टमध्ये दोन बग आहेत. एक जुनाच, जो तुम्हाला घालवायचा होता तो, आणि एक नवा.

जुना आधी. ड्रायव्हरमध्ये टायमर का आहे आणि वर्क (रांगेत टाकून मागाहून करायचं काम) का आहे ते बघा. टायमरच्या कॉलबॅकमध्ये झोपता येत नाही आणि आयटूसीवर बोलायचं म्हणजे झोपावं लागतं, म्हणून टायमर वाजला की तो फक्त वर्क रांगेत टाकतो, आणि वर्क चिपशी बोलून झालं की शेवटी मॉड_टायमर करून टायमर परत लावतं. दोघं एकमेकांना उठवतात. आता तुमचं रिमूव्ह चालू झालं. डेल_टायमर_सिंकने टायमर काढला, शांत. पण त्याच वेळी दुसरीकडे वर्क चालू आहे, त्याने शेवटच्या ओळीला टायमर परत लावला. मग तुम्ही कॅन्सल_वर्क_सिंक करता, ते वर्क संपायची वाट बघतं आणि परत येतं. वर्क गेलं, टायमर जिवंत. रिमूव्ह संपलं, डेव्हएमने (ड्रायव्हर निघाला की आपोआप आवरणारी सोय) मेमरी सोडली, टायमर वाजला. हाच तुमचा तळोज्याचा पॅनिक.

शटडाउनवाल्या फंक्शनची खुबी हीच आहे की त्यानंतर कुणी मॉड_टायमर केलं तरी ते काहीच करत नाही, टायमर कायमचा मेलेला असतो. डेल_टायमर_सिंक फक्त आत्तापुरता काढतं. नावं भावंडांसारखी आहेत, काम वेगळं आहे. आणि कुणी म्हणेल कॅन्सल_वर्क_सिंकच्या नंतर अजून एकदा डेल_टायमर_सिंक करा, तर तेही पुरत नाही, कारण त्या दोघांच्या मध्ये टायमर वाजून गेला तर वर्क परत रांगेत. मग काय डेल, कॅन्सल, डेल, कॅन्सल करत बसणार?

जुन्या कर्नलमध्ये याला साधा उपाय म्हणजे स्ट्रक्चरमध्ये एक बूल घाला, निघतोय अशा अर्थाचा. रिमूव्हमध्ये म्यूटेक्स घेऊन तो खरा करा आणि लगेच म्यूटेक्स सोडा. वर्कमध्ये मॉड_टायमर त्याच म्यूटेक्सच्या आत आणा आणि आधी हा बूल तपासा. मग डेल_टायमर_सिंक, मग कॅन्सल_वर्क_सिंक. आता कागदावर दोन्ही बाजूंनी चालवून बघा. वर्कने आधी म्यूटेक्स घेतला असेल तर त्याने लावलेला टायमर तुमच्या डेलला सापडतो. तुम्ही आधी घेतला असेल तर वर्क टायमर लावतच नाही. तिसरी शक्यता उरत नाही.

आता नवा बग, तुम्ही आणलेला. स्कोप्ड_गार्ड म्हणजे फक्त त्याच्या महिरपीपुरतं लॉक. साधा गार्ड वेगळा, तो फंक्शन संपेपर्यंत धरतो, तुम्ही त्याचं वर्णन वाचून याला लावलंत. मेनलाइनमध्ये कॅन्सल_वर्क_सिंक लॉकच्या बाहेर आहे, ते उगाच नाही. तुमच्याकडे रिमूव्ह म्यूटेक्स धरून वर्क संपायची वाट बघतंय आणि वर्क तोच म्यूटेक्स मिळायची वाट बघतंय, म्हणजे डेडलॉक. बसा. आधी दोन-तीन आठवड्यांतून एकदा पॅनिक व्हायचा आणि वॉचडॉगने बॉक्स निदान परत उठायचा, आता स्क्रिप्ट अनबाइंडमध्येच अडकून राहील आणि मीटरचं रीडिंग बंद. 50 वेळात दिसलं नाही कारण तुमचं वर्क काही मिलिसेकंदांचं असेल आणि तेवढ्यात तुमचं बोट पडलं नाही.

कॉन्फिगमध्ये प्रूव्ह_लॉकिंग चालू करा, म्हणजे लॉकडेप (लॉक चुकीच्या क्रमाने घेतले जातायत का ते तपासणारी कर्नलची सोय) लागतो. नव्या कर्नलमध्ये वर्क एकदा चाललेलं असलं आणि मग रिमूव्ह झालं की लॉकडेप खरा डेडलॉक न होताही ओरडतो, पण 5.10.100 इतक्या जुन्यात कॅन्सल_वर्क_सिंकच्या बाबतीत तो गप्प राहू शकतो. माझ्याकडे कुणी लॉकिंगला हात लावलेला पॅच आणला आणि लॉकडेपशिवाय टेस्ट केला म्हणाला तर मी पुढे वाचतच नाही.

---

जुना_सीवाला

ताईंनी माझं काम वाचवलं, दुसरा बग माझ्याही नजरेतून सुटला असता कदाचित, मी पहिल्याचीच वाट बघत होतो.

टेस्टिंगचं एक सांगतो. कुणीतरी आता केसॅन (मेमरीच्या चुका पकडणारं कर्नलचं साधन) लावा म्हणेल, पण 32 बिट आर्मवर केसॅन 5.11 पासून आहे, तुमच्या 5.10 मध्ये नाही. त्याऐवजी बूट कमांड लाइनवर स्लब_डीबग बरोबर एफझेडपीयू द्या. सोडलेल्या मेमरीत कर्नल 6बी हा बाइट भरून ठेवतो. मग टायमर मेलेल्या स्ट्रक्चरमध्ये गेला की पॅनिकमध्ये 6बी6बी6बी6बी असे पत्ते दिसतात, ते दिसले की समजायचं आपण स्मशानात फिरतोय. शिवाय डीबग_ऑब्जेक्ट्समधलं टायमरचं आणि फ्रीचं असे दोन्ही पर्याय चालू करा, म्हणजे चालू टायमर असलेली मेमरी कुणी सोडली तर टायमर वाजायच्या आधी, सोडतानाच तक्रार येते. तुमच्यासारख्या केसमध्ये हे सोन्यासारखं आहे.

आणि आधी फिक्स न लावता बग पाडून दाखवा. न पाडता "गेला" म्हणणं म्हणजे दाखवायला दात नसताना डेंटिस्टकडे जाणं. वर्कच्या आत टेस्टपुरता एमस्लीप 200 (200 मिलिसेकंद झोप) घाला, मॉड_टायमरच्या बरोब्बर आधी. खिडकी एवढी मोठी केली की दोन-तीन आठवड्यांचा बग दोन-तीन मिनिटांत येतो.

---

महापे_बोर्डवाला

आठ दिवसांनी येतोय, माफ करा.

काका, एमस्लीप 200 घातल्यावर जुना कर्नल चौथ्या अनबाइंडला गेला. चौथ्या! स्क्रीनवर ओळीने 6बी6बी6बी6बी. ऑफिसातल्या पोरांना बोलावून दाखवलं, साहेबपण आले, त्यांना वाटलं काहीतरी हॅक झालंय. मग माझा पहिला बॅकपोर्ट लावला, लॉकडेप चालू करून आणि एमस्लीप वर्कमध्ये म्यूटेक्स घेण्याच्या आधी सरकवून. पहिल्याच अनबाइंडला प्रॉम्प्ट थिजलेला, कारण एमस्लीपमुळे डेडलॉक खराच झाला. ताई म्हणाल्या तस्सं. हा बॉक्स मी तळोज्याला पाठवणार होतो शुक्रवारी.

आता बूलवाला केलाय. प्रोबच्या (बाइंड करताना चालणारं फंक्शन) एरर पाथमध्येपण तेच लागत होतं, मूळ पॅचमध्ये तिथे एक ओळ होती आणि ती मुकाट अप्लाय झाल्यामुळे मी बघितलीच नव्हती. काका म्हणाले तेच झालं, 5.10 मध्ये लेबलांचा क्रम वेगळा आहे, टायमरची ती ओळ पॉवर बंद झाल्यावरच्या पायरीवर जाऊन बसली होती. वर हलवली. रात्रभर बाइंड-अनबाइंडची लूप लावून घरी गेलो, मध्ये लाइट गेली म्हणून परत लावली, दुसऱ्या रात्री 9,000 च्या वर फेऱ्या झाल्या, लॉग कोरा. एमस्लीप काढून परत एक रात्र. तळोज्याला बॉक्स मंगळवारी लागला.

आता हा स्टेबलला पाठवावा म्हणतो. आपल्याला लागला तर अजून कुणालातरी लागेल. काय काय सांभाळायचं?

---

रबाळे_रिव्ह्यूवाली

मस्त! पाठवाच. हे सांभाळा:

तुमच्या चिपवाल्यांच्या ट्रीवरचा पॅच पाठवू नका, ताज्या लिनक्स-5.10.वाय ब्रांचवर परत करा आणि करण्याआधी ग्रेप मारा, कारण नवी हेल्पर फंक्शन कधी कधी मागे स्टेबलमध्येही आणतात. तिथे टायमर_शटडाउन_सिंक आलेलं असेल तर बूलची गरजच नाही, मूळ पॅचच्या जितकं जवळ राहाल तितकं मेंटेनरला आवडतं.

मूळ लेखकाचं नाव लेखक म्हणून तसंच राहू द्या. मेसेजच्या सुरुवातीला मूळ कमिटचा अख्खा 40 अक्षरी हॅश आणि पुढे अपस्ट्रीम असं लिहितात ती ओळ. त्यांच्या सगळ्या साइन्ड-ऑफ-बाय (सहीच्या ओळी) तशाच, मग चौकटी कंसात तुम्ही काय बदललं आणि का बदललं ते, आणि त्याखाली तुमची साइन्ड-ऑफ-बाय. तो कंसातला मजकूर जीव लावून लिहा. "कॉन्फ्लिक्ट सोडवले" एवढंच लिहिलेलं असतं तेव्हा मला पहिल्यापासून सगळं तपासावं लागतं. शटडाउन नाही म्हणून बूल, वर्क आणि रिमूव्ह याच म्यूटेक्सखाली, प्रोबमधली ओळ या लेबलाच्या वर, असं लिहिलंत तर बघणाऱ्याचं काम दहा मिनिटांचं.

विषयात पॅच 5.10.वाय हा प्रीफिक्स. आणि फक्त 5.10 ला पाठवू नका, 5.15 आणि 6.1 लाही पाठवा. 5.10 मध्ये फिक्स आहे आणि 5.15 मध्ये नाही असं झालं तर वर जाणाऱ्याला जुना बग परत मिळतो, म्हणून ते तसं घेत नाहीत. 6.1 ला रिमूव्ह व्हॉइड आहे हे लक्षात ठेवा, रिटर्न शून्य तिकडे नको. ड्रायव्हरच्या मेंटेनरला आणि मूळ लेखकाला सीसीत घ्या.

---

घोडबंदर_जॅम

आणि आउटलुकवरून पाठवू नका!! आमच्या एकाने पाठवला, टॅबचे स्पेस झाले, खाली कंपनीचा "हा ईमेल गोपनीय आहे" वाला परिच्छेद, आणि वर एचटीएमएल. एचटीएमएल असेल तर व्हीगर (कर्नलच्या मेलिंग लिस्टचा सर्व्हर) लिस्ट मेल परतच फिरवते. गिट सेंड-ईमेल सेट करा, आधी स्वतःलाच पाठवून बघा, आलेला मेल सेव्ह करून गिट एएमने अप्लाय होतो का तपासा.

---

महापे_बोर्डवाला

ऑफिसचा मेल सर्व्हर गिट सेंड-ईमेलला दाद देईना, आयटीवाला म्हणाला तिकीट टाका. शेवटी स्वतःच्या मेलवरून पाठवले, तिन्ही. ग्रेप मारलं होतं, कुठे काय मिळालं ते कंसात लिहिलंय. घाईत 6.1 वाल्यात रिटर्न शून्य तसंच राहिलं होतं, ताई, तुम्ही सांगूनसुद्धा. बिल्ड केला म्हणून सापडलं.

दोन दिवस सामसूम. काल संध्याकाळी ठाणे लोकल पकडली, दिघा गाव गेलं आणि फोन वाजला, मूळ लेखकाचा मेल. म्हणतो बूलचं नाव बदल, बाकी ठीक दिसतंय, आणि 5.15 वर माझ्याकडे हीच चिप असलेलं बोर्ड आहे, उद्या टेस्ट करून टेस्टेड-बाय देतो. ठाण्याला उतरून फलाटावरच्या बाकड्यावर बसून तो मेल तीनदा वाचला.

नाव बदलून व्ही2 पाठवायचाय. व्ही2 मध्ये काय बदललं ते तीन डॅशच्या खाली लिहायचं ना, मेसेजमध्ये नाही?

---

जुना_सीवाला

हो, तीन डॅशच्या खाली, म्हणजे ते कमिटमध्ये जात नाही. आणि आज लगेच नका पाठवू, त्याचं टेस्टिंग होऊ द्या, त्याची टेस्टेड-बाय घालूनच व्ही2 काढा.

शनिवारी संध्याकाळी तलावपाळीला असतो मी सातच्या सुमारास. तुमची ती हँग होणारी चिप आणि तिचं स्किमॅटिक घेऊन या, मला त्या आयटूसीच्या पुल-अपवर संशय आहे.